पंप रिकामा, तरी दवाखाना नको

संपादक महोदय,

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि महालातल्या आमच्या घरी नवलच घडलं. आईचा २० वर्षांचा दमा त्या उन्हाळ्यात चक्क गप्प बसला. रस्त्यावर धूर नाही, नातवंडांची शाळा बंद म्हणून घरात सर्दी-पडसं नाही. दम्याचा झटका येऊन इस्पितळात जाणारे तेव्हा इतर देशांतही कमी झाले होते. दम्याला चिथावणारे सर्दीचे विषाणूच फारसे फिरत नव्हते ना!

पण इस्पितळात जाणारे घटले याचं सगळं श्रेय त्यालाच देऊ नये. सप्टेंबरात नागपुरात कोरोना भरात असताना एका रात्री आईला धाप लागली. झटक्यात लगेच आराम देणारा निळा पंप (इनहेलर) हलवून पाहिला, रिकामा. तरी ती पलंगाची कड धरून बसून राहिली. "खोकला आयकला त कोरोनावाल्यात टाकतीन मले, नेऊ नको बाप्पा." पहाटे नेलं तेव्हा तिच्याच्यानं एक वाक्य पुरं होत नव्हतं. अशी घरीच धापा टाकत बसलेली माणसं कुठल्याच रजिस्टरात नाहीत.

आता विषाणू परतलेत, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख तर आहेच. आणि बरं वाटलं की रोजचा प्रतिबंधक पंप बंद करायची आपली खोड! (आईचीही.) महापालिकेच्या दवाखान्यांत दोन्ही पंप बाराही महिने मिळावेत आणि थंडीआधी आशाताईंनी दमेकऱ्यांच्या घरी एक चक्कर टाकावी.

— एक वाचक, महाल, नागपूर