दातसून

भांडुप, मुंबई
१३ जुलै २०२५

प्रिय मध्या,

तुझा मेसेज वाचला. "पुतण्याला सेकंडहँड डॅटसन गो मिळतेय, घेऊ दे का?" एवढंच. अरे, जिला मी पावणेअकरा वर्षं पोसली तिच्याबद्दल एका ओळीत काय सांगू? आणि फोन केला असता तर तू नेहमीप्रमाणे "हो हो, कळलं" म्हणून ठेवून दिला असतास. आज रविवार आहे, पाऊस उघडायचं नाव घेत नाही, म्हणून सरळ कागद ओढला. पत्र नाशिकला पोचेपर्यंत पोराने टोकन देऊ नये, एवढं बघ.

बाबांपासून सुरुवात करतो, कारण गाडीचं बारसं त्यांनीच केलं. दसरा, २०१४. गाडी बिल्डिंगच्या गेटातून आत आली, हिने ओवाळलं, चाकाखाली लिंबू झालं, पेढे वाटून झाले, तेव्हा कुठे बाबा खाली उतरले. तुला माहीतच आहे, कुर्ल्याच्या प्रीमिअर मोटार कारखान्यात पेंट शॉपला त्यांची उभी हयात गेली. किती पद्मिनी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील देव जाणे. स्वतः मात्र शेवटपर्यंत बेस्टच्या पासावर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, बोनेटकडे बघितलंसुद्धा नाही, थेट मागच्या दाराशी गेले आणि बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवलं. कलिंगड बघतात तसं. "हलका आहे पत्रा." मग दार उघडून आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे रंगवलेला पत्रा तसाच उघडा, वर अस्तर नाही. "हात आखडता घेतलाय." एवढं बोलून मागे गेले आणि डिकीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. "दा-त-सून. दातसून? हे कसलं नाव?"

झालं. त्या दिवसापासून सगळ्या बिल्डिंगची ती दातसून. समोरच्या काकू अजून विचारतात, "सूनबाई खाली दिसत नाहीत, माहेरी गेल्या का?"

मला मात्र ते नाव काही सोडेना. रात्री बसून वाचून काढलं, तर खरंच ते माणसांवरून आलेलं निघालं. मासुजिरो हाशिमोतो नावाच्या इंजिनिअरने १९११ मध्ये टोकियोत मोटारींचा कारखाना काढला. पैसे लावणारे तिघं: डेन, आओयामा आणि ताकेउची. १९१४ मध्ये गाडी रस्त्यावर आली तेव्हा त्याने तिघांची आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं डॅट. आपल्याकडे लोक दुकानाला पोरांची नावं देतात, याने भांडवल देणाऱ्यांची दिली. धंदा कळत होता गड्याला. शिवाय जपानीत 'दात्तो' म्हणजे बिथरून सुसाट सुटलेला ससा, तो अर्थ वर फुकट मिळाला.

पुढे तिकडच्या सरकारने ५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लायसन्स माफ केलं. लगेच १९३१ मध्ये यांची ४९५ सीसीची चिमुकली गाडी तयार. थोरल्या डॅटचं पोर, म्हणून इंग्रजी धर्तीवर डॅट-सन, डॅटचा मुलगा. पण या 'सन'चा जपानी उच्चार 'सोन', आणि तो तिकडच्या कानाला तोट्यासारखा लागतो. गाडीच्या नावातच नुकसान कोण ठेवील? स्पेलिंगमधला ओ काढून यू घातला आणि मुलाचा सूर्य केला. आपल्याकडे नट मंडळी ज्योतिषाला विचारून नावात एक जादा ए घुसवतात, तसलाच प्रकार. मग योशिसुके आइकावा यांच्याकडे कारभार गेला, १९३४ मध्ये कंपनी निसान झाली आणि डॅटसन हे तिच्या छोट्या गाड्यांचं नाव म्हणून राहिलं.

या सगळ्यात मला आवडलेला माणूस म्हणजे निसानचा युताका कातायामा. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या रॅलीत हा दोन डॅटसन घेऊन गेला, एकीचं नाव फुजी, दुसरीचं साकुरा. ज्या गाड्यांना कुणी हिशेबात धरत नव्हतं त्यांतली फुजी आपल्या गटात पहिली आली. नंतर त्याला अमेरिकेत पाठवलं, तर तिथेही त्याने पाय रोवले. १९७० मध्ये जपानहून एक झकास स्पोर्ट्स गाडी आली, जपानातलं नाव 'फेअरलेडी'. गोऱ्या बाई नावाच्या गाडीत अमेरिकन पोरं बसायची नाहीत हे याला पक्कं ठाऊक. त्याने ती अक्षरं उपटून काढली आणि इंजिनाच्या मापावरून २४०झेड लावलं. गाडी अशी खपली की विचारू नकोस. त्याआधीची ५१० तर 'गरिबाची बीएमडब्ल्यू' म्हणून ओळखली जायची. स्वस्त होती, पण चालवणाऱ्याची मान वर राहायची. हा गृहस्थ १०५ वर्षं जगला, २०१५ मध्ये गेला.

आणि एवढं करून १९८१ मध्ये वरच्या लोकांनी ठरवलं की जगभर एकच नाव हवं, निसान. पाचेक वर्षांत डॅटसन पाट्यांवरून पुसलं गेलं. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं! आपण व्हीटीला कितीही वेळा सीएसएमटी म्हटलं तरी टॅक्सीवाला व्हीटीच म्हणतो, तसं अमेरिकेतही बराच काळ चाललं असणार.

तर हे झोपलेलं नाव २०१२ मध्ये निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी जकार्तामध्ये पुन्हा उठवलं. भारत, इंडोनेशिया, रशिया, अशा देशांसाठी, जिथे लोक पहिली गाडी घेतात. आपल्याकडे मार्च २०१४ मध्ये गो आली, चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून, दिल्लीचा शोरूम भाव ३ लाख १२ हजारांपासून. माझी वरची, ऑन-रोड साडेचारच्या आत बसली. निसानच्याच मायक्राच्या सांगाड्यावरची गाडी, १२०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ६८ हॉर्सपॉवर. हलक्या गाडीला एवढी ताकद म्हणजे चैन. कशेडी घाट चढताना पाचजण आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असूनही दुसऱ्या गिअरवर कुरकुरली नाही.

पण पैसे कुठे वाचवले ते बसल्या बसल्या दिसतं. रेडिओ नाही, त्याच्या जागी मोबाइल खोचायचा स्टँड. वायपर एकच, तो हिच्या बाजूचा काचेचा कोपरा सोडून जातो, त्यामुळे पावसाळ्यात रस्ता मला दिसतो, हिला फक्त मी दिसतो. चाकं तेरा इंचाची. हँडब्रेक म्हणजे डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा दांडा, ओढायचा आणि पिळून सोडायचा. गिअरही डॅशबोर्डलाच, कारण पुढच्या दोन सीट मधून जोडलेल्या, रिक्षात चौथी सीट काढावी तशी. त्या मधल्या जागेवर माझ्या लेकीचं सगळं बालपण दप्तरासकट बसलंय. काटकसर म्हणून मला यातलं काहीच खुपलं नाही. आपण चाळीतली माणसं, मोरीत स्टोव्ह पेटवून वाढलेली.

खुपलं ते वेगळं. गाडी आणून महिनाच झाला होता. नोव्हेंबरात हिने चहाच्या टेबलावर बातमी वाचून दाखवली: ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चाचणीत गोला शून्य तारे. सांगाडाच टिकत नाही, एअरबॅग घालूनही फार उपयोग नाही. त्या संस्थेचे मॅक्स मोस्ली यांनी तर घोन यांना पत्र लिहून गाडी बाजारातून काढून घ्या म्हणून सांगितलं. आता खरं बोलायचं तर त्याच वर्षी आणखी बऱ्याच नावाजलेल्या छोट्या गाड्यांनी भोपळा घेतला होता. पण आपल्या दारात उभी असलेली गाडी वेगळी. बाबांनी पेपर मागून घेतला, पूर्ण वाचला, घडी घातली. "सांगितलं होतं" हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम, हायवेला ८० च्या वर काटा न्यायचा नाही आणि कोकणात रात्रीचं निघायचं नाही. रेडिओ काप, वायपर काप, पण पत्र्याची ताकद कापायला कुणी सांगितलं होतं? कातायामाने ज्या नावाला मान मिळवून दिला तेच नाव 'सगळ्यांत स्वस्त' म्हणून विकायला काढलं, तिथेच गोची झाली असं माझं मत आहे. आपला माणूस पहिली गाडी घेतो ती चारचौघांत मिरवायला. स्वस्त हा शब्द त्याला पावतीवर हवा असतो, बोनेटवर नको.

२९ ऑगस्ट २०१७ मात्र दातसूनने निभावून नेला. गणपतीचे दिवस, मी सकाळी दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणि गौरीसाठी तेरडा घेऊन निघालो. गांधी मार्केटपाशी पाणी टायरच्या निम्म्यावर. पुढची टेम्पो जातेय ना, मग मीही घातली. गाढवपणा सगळा माझा. पुलाखाली पाणी दारातून आत आलं, गाडी बंद पडली. चावी फिरवायला हात गेला होता, तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरचा एक माणूस ओरडला, "स्टार्ट मारू नका, इंजिन जाईल!" त्याचं नावही विचारायचं राहिलं. चारपाच जणांनी ढकलून कडेला लावली आणि मी तेरड्याची जुडी डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून सायनच्या दिशेने चालत सुटलो. गौरी आल्या, पण उशिरा.

दोन दिवसांनी टो करून आणली. मेकॅनिकने प्लग काढले, ऑइल बदललं, फिल्टर फेकला, आणि सुरू झाली की रे! सीट आणि खालचा गालिचा काढून गच्चीवर वाळत घातला. त्याखाली काय काय निघालं: चार नाणी, लेकीचं हरवलेलं कानातलं, जेजुरीचा भंडारा आणि बाबांची बीपीची एक गोळी, पाकिटासकट. वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

एप्रिल २०२२ मध्ये निसानने भारतात डॅटसन बंद केली. मी घेतली तो शोरूम तर त्याआधीच गेला होता, तिथे आता मॉड्युलर किचन मिळतात. म्हणजे हे नाव दुसऱ्यांदा गेलं, आणि आमची सून खाली उभीच. सर्विसिंग आणि पार्ट निसानकडे मिळतात, बाकीचं पुलाखालचा मेकॅनिक बघतो. कंपनीचा दावा लिटरला २० च्या वरचा. मला मुंबईत १४-१५ देते, कोकणात १९ पर्यंत जाते.

बाबांचं शेवटचं वर्ष तू पाहिलंसच. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा याच गाडीने नेत होतो. सीट ना उंच ना खाली, त्यांना वाकावं लागत नसे. बसण्याआधी दाराला दोन टिचक्या मारायचे, दर खेपेला, न चुकता. ते गेल्यावर सहा-सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून निघाली. पेपरात फोटो आला होता. तो मी कापून दातसूनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, आरसीच्या मागे.

आता पुतण्याचं. २०१४ ते १८ मधली असेल तर सरळ नको म्हण, कितीही स्वस्त असली तरी. मी चालवतो ते सवयीने आणि हिच्या धाकाने. विशीतला पोरगा ८० वर थांबणार नाही. ऑक्टोबर २०१८ नंतरची, दोन एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलेली असेल तर बघायला हरकत नाही. पण पाण्यात बुडालेली नाही ना, ते आधी बघ. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का बघ. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात नाक घाल. भाव पाडून माग. बंद झालेल्या ब्रँडची गाडी विकणारा आधीच मेटाकुटीला आलेला असतो.

वाटलं तर पुढच्या रविवारी मीच येतो, कसाऱ्याच्या घाटाने, ८० च्या आत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिऱ्या

ता. क. पुतण्याला सांग, दारावर पेरांनी दोनदा वाजवून कान लावायचा. त्याला काही कळणार नाही, पण विकणारा घाबरतो.