व्हिडिओ गटाची ती एक ओळ सांगणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयातला एक जीबी रॅमचा जुना पीसी आता डेस्कटॉपशिवाय, नुसत्या काळ्या कन्सोलवर (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) चित्रांसकट वेब दाखवतो. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार. तुम्ही सांगितलेलं वऱ्हाडातल्या आणखी कुठल्या खोलीतल्या धूळ खात पडलेल्या पीसीला उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

डेबियन या लिनक्सवर पॅकेजं दोनच लागतात, लिंक्स2 हा हलका ब्राउझर आणि माउस सांभाळणारा जीपीएम. चालवताना लिंक्स2 नंतर डॅश-जी, मग डॅश-ड्रायव्हर एफबी. डॅश-जी विसरलं तर तोच ब्राउझर निमूट अक्षरांपुरता उघडतो आणि वाटतं की चित्रं येतच नाहीत. जीपीएम सुरू नसेल तर माउसचा बाण जागचा हलत नाही, कारण कन्सोलवर माउसची खबर लिंक्सला तिथूनच मिळते.

पण खरे आभार परवानगीच्या भानगडीबद्दल. कन्सोलचा पडदा (फ्रेमबफर) म्हणजे /डेव्ह/एफबी0 ही फाइल, आणि ती रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता आणि व्हिडिओ गट यांच्याच ताब्यात असते. सुडो लावला, म्हणजे रूट म्हणून चालवलं, की चित्र लगेच दिसतं, म्हणून जो तो सुडोच सुचवतो. बाहेरची अनोळखी पानं उघडणारा प्रोग्राम रूट म्हणून चालवायचा नाही, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. वापरकर्त्याला यूजरमॉड कमांडने व्हिडिओ गटात घाला, डॅश-एजी लावून (ए लहान, जी मोठा). त्यातला ए गळाला तर आधीचे सगळे गट जातात, सुडोचासुद्धा! मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. त्याशिवाय नवा गट लागू होत नाही.

तपासायची युक्ती तर झकास. कॅट कमांडने /डेव्ह/यूरँडम, म्हणजे वाटेल तसा कचरा डेटा, थेट /डेव्ह/एफबी0 मध्ये ओतायचं. जुन्या टीव्हीचा अँटेना हलल्यावर दिसायच्या तशा मुंग्यांनी पडदा भरतो. शेवटी जागा उरली नसल्याची तक्रार येते, ती येणारच, पडदा भरला ना. मुंग्यांऐवजी परवानगी नाकारल्याचं आलं, तर आधी एलएसने ती फाइल आहे ना ते बघायचं; असेल तर दोष गटाचा, लिंक्सचा नाही. फाइलच नसेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर चढलेला नाही.

हे सगळं त्या मशीनसमोर बसूनच. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून) किंवा टीमक्सच्या (एकाच टर्मिनलात अनेक खिडक्या देणाऱ्या प्रोग्रामच्या) आत फ्रेमबफर मिळत नाही. डेस्कटॉप चालू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून खऱ्या कन्सोलवर यायचं.

पोट्ट्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: यूट्यूब चालते का? नाही चालत. लिंक्सला जावास्क्रिप्ट येत नाही, सीएसएसही नाही. त्यामुळे बरीच पानं कोरी किंवा लांबच लांब उभी दिसतात. मराठीची अडचण त्याहून मोठी. नुसत्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात, आणि लिंक्सच्या ग्राफिक्समध्येही जोडाक्षरं नीट जुळवायची सोय नाही. मराठी वाचायचं तर तुम्ही सुचवलेला केज हा छोटा प्रोग्राम बरा: त्यात एकटा फायरफॉक्स पूर्ण पडद्यावर चालतो, डेस्कटॉप लागत नाही. देवनागरी फॉन्टांचं फॉन्ट्स-देवा हे पॅकेज मात्र टाकावं लागतं, आणि एक जीबीत फायरफॉक्स धापा टाकतो. म्हणून इंग्रजी, मजकुराच्या पानांना लिंक्स आणि मराठीला केज, असं वाटून घेतलं आहे.

कळांची तुमची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे: जी म्हणजे पत्ता, झेड म्हणजे मागे, एस्केप म्हणजे मेनू, क्यू म्हणजे बाहेर. चष्मा लागलेल्यांसाठी अक्षर 24 वर ठेवलं आहे.

आपले,
वाचनालयातली मंडळी