गाठ तेवढीच आहे म्हणून घाबरू नकोस

पुणे

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आल्यापासून दादांचाच विचार डोक्यात आहे. मागे वहिनी होत्या म्हणून तू हळू आवाजात बोलत होतास, आणि मलाही फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही. म्हणून निवांत बसून लिहितोय.

तू विचारलंस, "मूत्रपिंड काढलं, तरी फुप्फुसात गाठी निघाल्या, आणि आता केमो नाही, काही नाही, नुसत्या गोळ्या? डॉक्टरांनी हात टेकले का?" नाही रे. मूत्रपिंडाच्या या कॅन्सरवर नेहमीची केमो जवळजवळ चालतच नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन ही प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शनं एवढंच हाताशी होतं. थोड्या जणांना गुण यायचा, बाकीचे ताप-थंडीनेच बेजार व्हायचे. मग गोळ्या आल्या. सोराफेनिब डिसेंबर २००५ मध्ये आणि सुनिटिनिब जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हापासून चित्र पालटलं. दादांना दिलंय ते सुनिटिनिबच.

दादांच्या रिपोर्टवर 'क्लिअर सेल' लिहिलंय ना, खरी गोम तिथे आहे. या जातीच्या गाठींत बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. आपल्या पेशींत एचआयएफ नावाचं एक प्रथिन तयार होत असतं. प्राणवायू कमी पडला तरच ते टिकतं. एरवी व्हीएचएल त्याच्यावर खूण करतं आणि पेशी ते मोडून टाकते. व्हीएचएल गेलं की एचआयएफ साचत जातं. प्राणवायू भरपूर असूनही पेशीला वाटतं आपण गुदमरतोय, आणि ती व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडून नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. म्हणून तर ही गाठ इतकी रक्ताळ असते. पेशी प्राणवायूचा अंदाज कसा घेते, हे शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. सुनिटिनिब व्हीईजीएफला हात लावत नाही. रक्तवाहिनीच्या पेशीवर त्याचा निरोप घेणारे जे रिसेप्टर असतात, त्यांचं आतलं काम ते बंद पाडतं. निरोप पोचतो, पण त्यावर पुढे काही होत नाही.

(तुझ्या पुतणीला सांग, जनुकाचं नाव ऐकून धास्तावू नकोस. हा बिघाड बहुतेकांच्या फक्त गाठीत झालेला असतो, घराण्यातून आलेला नसतो. फार तरुण वयात, दोन्ही मूत्रपिंडांत किंवा घरात अनेकांना असा आजार असेल तर डॉक्टर जनुकाची तपासणी सुचवतात. दादांचं तसं काही नाही.)

ही सगळी कल्पना मुळात एका सर्जनची. बोस्टनचे ज्युडा फोकमन. साठच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी पाहिलं, की शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत कॅन्सरच्या पेशी सोडल्या तर गाठ एक-दोन मिलिमीटरची होते आणि थांबते, कारण तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं, की या वाहिन्या अडवल्या तर गाठ अडवता येईल. कितीतरी वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. ते २००८ मध्ये गेले, म्हणजे या गोळ्या माणसांच्या हातात पडलेल्या त्यांनी पाहिल्या. मला याचं फार समाधान वाटतं.

आता स्कॅनचं. पुढच्या महिन्यात सीटी होईल आणि रिपोर्टमध्ये कदाचित लिहिलेलं असेल, 'गाठींचा आकार साधारण पूर्वीइतकाच'. ते वाचून कुणी रडायचं नाही, हे आत्ताच सगळ्यांना सांगून ठेव. तुझ्या उसाचंच बघ ना, पाणी तोडलं की ऊस दुसऱ्या दिवशी आडवा होत नाही, आधी त्याची वाढ थांबते. या औषधात गाठ वाढली नाही हाच गुण. कधी कधी तर बाहेरून तेवढीच दिसणारी गाठ आतून मेलेली असते. कॉन्ट्रास्ट (रक्ताच्या जागा स्कॅनमध्ये उजळवणारं औषध) दिल्यावर आधी जी पांढरी उजळून दिसायची, ती मधून काळसर दिसते. डॉक्टरांना फिल्मवर दाखवायला सांग. ते दाखवतात.

एक मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे औषध आजार मुळासकट काढत नाही. २००७ मध्ये ७५० रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ इंटरफेरॉनवर सुमारे ५ महिने होता, सुनिटिनिबवर ११. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्याही पुढे गेले, काही तर कितीतरी वर्षं. पुढे गाठ दुसऱ्या वाटा शोधते, तेव्हा औषध बदलतात. कॅबोझँटिनिब नावाचं दुसरं औषध त्यातल्याही काही वाटा अडवतं. हल्ली मोठ्या केंद्रांत अशा गोळीबरोबर इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, इंजेक्शन देतात. ते महाग आहे, आणि दादांसारख्या सौम्य गटातल्या (ज्यांचा आजार त्यातल्या त्यात कमी धोक्याचा धरतात अशा) रुग्णांचं आयुष्य त्याने नुसत्या सुनिटिनिबपेक्षा वाढतं असं अजून नीट दिसलेलं नाही. तरी डॉक्टरांना मोकळेपणी विचार. पण पैशासाठी आपण कमी पडलो, हे ओझं मनावर घेऊ नकोस.

पैशावरून आठवलं. २०१२ पूर्वी सोराफेनिबच्या महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडायचे. ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निर्णय आला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते औषध बनवायचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही बनवायची मुभा, मिळाला. किंमत ८,८०० रुपये, वर पेटंटवाल्या बायर कंपनीला ६ टक्के रॉयल्टी, जी पुढे ७ टक्के झाली. आपल्या देशातला हा असा पहिलाच परवाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. ज्या लोकांनी ही लढाई लढली त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही, कारण त्याआधी चिठ्ठी घेऊन आलेले लोक किंमत ऐकून ती घडी करून परत खिशात ठेवताना मी आमच्या औषधांच्या खिडकीतून पाहिले आहेत. दादांच्या गोळीच्याही जेनेरिक आता मिळतात.

आणि आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. दादा सोसून घेणाऱ्यातले आहेत, मला माहीत आहे. इथे सोसणं कामाचं नाही. बीपी वाढणार, बऱ्याच जणांचं वाढतं. घरी मशीन आणा, रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. चार आठवडे गोळी आणि दोन आठवडे सुट्टी, असं हे चक्र. शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून ती सुट्टी असते. डॉक्टर कंटाळले म्हणून नव्हे. सुट्टीत बीपी खाली येतं, तेव्हा बीपीची गोळी तेवढीच चालू ठेवली तर चक्कर येऊ शकते. वहीतले आकडे डॉक्टरांना कळवायचे.

तळपाय आणि तळहात रोज बघायचे. आधी मुंग्या येतात, मग टाच आणि अंगठ्याखालची जागा लाल होते, कातडी पिवळट जाड होते आणि चालताना काचेवर पाय ठेवल्यासारखं दुखतं. पहिल्या दिवसापासून युरियाचं क्रीम, सुती मोजे, मऊ चप्पल. अनवाणी शेतात नाही आणि कडकडीत पाण्याने आंघोळही नाही. तोंड येईल, जुलाब होतील, अंगावर पिवळसर झाक येईल. ती झाक गोळीच्याच रंगाची असते, पण डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी फोन करायचा. फार गळून गेले तर थायरॉइड तपासायला सांग, हे औषध तो मंदावतं. दात काढायचा असेल, कुठलं ऑपरेशन असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, जखम लवकर भरत नाही.

दादांच्या मिशीत एक गंमत दिसेल. गोळी चालू असताना केस पांढरे उगवतात, सुट्टीत पुन्हा काळे, आणि एकाच केसावर पट्टे पडतात. वहिनींना आधीच सांगून ठेव.

त्रास झाला तर डोस कमी करता येतो, सुट्टीचं वेळापत्रक बदलता येतं. पण हे डॉक्टरांनी करायचं. परस्पर बंद केलेली गोळी आणि न सांगितलेला त्रास, या दोन्हींनी माणसं मागे पडलेली मी पाहिली आहेत. पुढच्या वेळी दादांबरोबर तू आत जा, आणि ते "ठीक आहे" म्हणाले की तू वही पुढे कर.

सीटी झाला की रिपोर्ट लगेच पाठव. पुण्यात आणायचं ठरलं तर मुक्काम आमच्याकडेच, हे सांगायला नको. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता.क. गावातल्या कुणी दिलेला काढा किंवा भस्म सुरू करण्याआधी मला फोन कर. ही गोळी यकृतात मोडते, आणि तिथे दुसरं काही लुडबुडलं तर डोस बिघडतो. बुरशीवरची काही औषधं, टीबीचं रिफॅम्पिसिन आणि ग्रेपफ्रूटचा रस यांचंही तसंच आहे. पेरू खुशाल खाऊ देत.