बोटीच्या केबिनमधला उकाडा कोणाच्या यादीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात बंदरावर चालणाऱ्या बोटींच्या डागडुजीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. जाळी विणणे, इंजिन उघडणे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरणे, रंगकाम, सगळे बरोबर लिहिले आहे. मी रत्नागिरीत लाकडी बोटींची सुतारकी करतो, वडीलही हेच करायचे. १ जूनला बोटी वर घेतल्या की मालक कामांची यादी घेऊन येतात. त्या यादीत केबिन असलीच तर तिचा रंग असतो. आत माणसे कशी झोपतात, हे लिहिलेले मी क्वचितच पाहिले. त्यासाठीच हे पत्र.

आपल्याकडचा जुना ट्रॉलर, म्हणजे जाळे मागे ओढत मासे धरणारी बोट, १४-१५ मीटरचा असतो. केबिन मागच्या बाजूला आणि बहुतेक बोटींत इंजिन तिच्या बरोबर खाली. डिझेल जळते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला मिळते, उरलेली सगळी उष्णता. बरीचशी पाण्यातून आणि धुरातून बाहेर जाते, पण इंजिनाच्या अंगातून निघणारी धग इंजिनरूममध्येच राहते आणि फळ्यांतून वर चढते. सायलेन्सरचा पाइप केबिनच्या मागच्या भिंतीला लागून वर जातो. इंजिनावर ताण असताना हा पाइप काही शे अंशांपर्यंत तापतो आणि त्या भिंतीच्या अलीकडे हातभर अंतरावर खलाशाची झोपायची फळी असते. वर छपराचा पत्रा दिवसभर उन्हात. जाळे ओढताना बोटीचा वेग जेमतेम दोन-तीन नॉट असतो. अशा वेळी वारा मागून आला की केबिनमध्ये झुळूक शिरत नाही, उलट धूरच आत येतो. नांगर टाकून इंजिन बंद केले तरी तापलेले लोखंड पुढे काही तास केबिन शेकत राहते.

ऑक्टोबरमध्ये हे सगळ्यात वाईट. पाऊस गेलेला, ऊन कडक आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर गेले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, तर हवामान खाते उष्णतेची लाट धरते. इंजिनावरच्या केबिनमध्ये ३७ ही काही बातमी नव्हे.

गेल्या हंगामात एका बोटीवरचा तरुण खलाशी दुपारी असंबद्ध बडबडायला लागला. बाकीच्यांना वाटले, प्यायला आहे. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जुना माणूस, त्याने अंगाला हात लावून पाहिला, पोराला डेकवर सावलीत ओढले आणि बादल्यांनी पाणी ओतत राहिला. पोरगा वाचला. बडबड, तोल जाणे आणि अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची खूण आहे, हे प्रत्येक बोटीवर माहीत असायला हवे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त खलाशी नेपाळचे असतील, असे मला तरी दिसते. डोंगरातल्या थंड गावातून आलेल्या माणसाचे शरीर या दमट उष्म्याला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. आपण त्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या बोटीवर चढवतो. पहिले काही दिवस तरी त्यांना दुपारी इंजिनापासून लांब ठेवा, पाणी वारंवार द्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

उपाय महाग नाहीत. सर्वांत आधी सायलेन्सरचा पाइप. त्याला दोन इंच सिरॅमिक वूल (धग अडवणारा, न जळणारा कापसासारखा थर) गुंडाळून वरून पत्र्याचे आवरण चढवले की भिंतीची धग लगेच कमी झालेली कळते. जुन्या बोटींवर अजून अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली दिसते. ती सुटत चालली की तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि कर्करोगापर्यंत नेतात. ती ओढून-खरवडून काढू नका. आधी पाण्याने भिजवा, तोंडाला चांगला मास्क बांधा आणि निघालेला माल पिशवीत बंद करा. पाइप लाकडातून पार होतो तिथे सगळीकडून मोकळी जागा सोडून पत्र्याची दुहेरी कॉलर बसवावी. वर्षानुवर्षे तापून कोळसा होत आलेली फळी मी अशाच जागी पाहिली आहे. लाकडी बोटीला आग इथूनही लागू शकते.

मग इंजिनरूमचे झाकण. अनेक बोटींत ते केबिनच्या आतच उघडते. त्याच्या कडेला रबराची पट्टी लावावी, म्हणजे धग आणि डिझेलचा वास वर येणार नाही. मात्र इंजिनालाही हवा लागते, ती बाहेरून द्यावी. गार हवा खालून आत येईल आणि तापलेली वरच्या बाजूने बाहेर पडेल, अशी दोन वेगळी भोके ठेवून एक ब्लोअर बसवला की इंजिनसुद्धा सुखात चालते.

छपरावर अर्धा फूट उंचीवर पाइपचा सांगाडा करून ताडपत्री ताणावी, मधून वारा खेळता राहावा, आणि खालच्या पत्र्याला पांढरा रंग द्यावा. आतून अस्तर लावायचे तर रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) घ्या. उघडे थर्माकोल इंजिनाजवळ नको, ते पेटले की काळा धूर दोन मिनिटांत केबिन भरतो. नांगरावर बोट नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते. म्हणून केबिनला पुढे उघडणारी खिडकी आणि मागे उंचावर झरोका असला तर दुपारचा खारा वारा आरपार जातो. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला की तोही.

कूलरच्या नादी कोणी लागू नये. दमट हवेत कूलर आणखी दमटपणा घालतो. एसी बसवलेल्या नव्या बोटी आता दिसतात, पण एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास वीज खातो, जुन्या बोटीच्या बॅटऱ्या त्यावर रात्र काढणार नाहीत. ट्रकमध्ये लावतात ते बॅटरीवरचे पंखे दोन अँपिअरच्या आतबाहेर चालतात. प्रत्येक झोपायच्या फळीला एक द्या.

थंडीचेही सांगायला हवे. जानेवारीत बाहेर समुद्रात रात्री उत्तरेचा वारा बोचतो. मग खिडक्या बंद करून आत शेगडी पेटती ठेवतात. बंद जागेतल्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्त त्याला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरते. झोपलेला माणूस जागाच होत नाही. ऊब हवी तर जाड कांबळी द्या. शेगडी स्वयंपाकापुरती, तीही झरोका उघडा ठेवून.

आता सरकारकडे मागणे. मासळीचा खण गार राहावा म्हणून सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने अनुदान दिलेले आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बोटीवरच्या जैवशौचालयालाही मदत आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. मग केबिनच्या वायुविजनाला का नसावी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मच्छीमारांसाठीचा २००७ चा करार क्रमांक १८८ राहण्याच्या जागेत हवा खेळती असावी असे सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. स्वीकारला तरी त्यातले राहण्याच्या जागेचे नियम मुख्यतः नव्या बोटींसाठी आहेत आणि एसीची सक्ती २४ मीटर व त्याहून मोठ्या बोटींना. म्हणजे आपल्या जुन्या ट्रॉलरसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानेच काहीतरी ठरवायला हवे. परवान्याच्या वेळी लाइफ जॅकेट बघतात, तसाच गुंडाळलेला पाइप आणि उघडणारा झरोका बघावा. एवढ्या दोन गोष्टींनी सुरुवात केली तरी पुष्कळ.

मालकांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. १ ऑगस्ट जवळ आला की सुतार आणि फिटर दोघेही मिळत नाहीत. पाइपाचे काम इंजिन उघडलेले असतानाच करून घ्या, ते पुन्हा बसल्यावर तिथे हात पोचत नाही.

आपला,
एक बोटसुतार, रत्नागिरी