हळदीचा डाग आणि आम्ल-आम्लारीचा धडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात परवा ‘निळा लिटमस आम्लात तांबडा, तांबडा लिटमस आम्लारीत निळा’ हे वाक्य पाढ्यासारखे घोकत होती आणि त्याच वेळी तिची आई शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग धूत होती. साबण आम्लारीधर्मी असतो; तो लागताच वरणातल्या हळदीचा तो पिवळा डाग लाल झाला आणि पाण्याने खळखळून काढल्यावर पुन्हा पिवळा दिसू लागला. घोकत असलेला धडा न्हाणीघरात घडतो आहे, हे नातीच्या ध्यानीही आले नाही, कारण शाळेत तिला लिटमसचा कागद एकदाही हाताळायला मिळालेला नाही. मुंबईतील अनेक शाळांत प्रयोगशाळेची जागा अपुरी असते, हे निवृत्त विज्ञान शिक्षिका या नात्याने मी जाणते. परंतु दर्शक, म्हणजे लिटमससारखे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे सांगणारे पदार्थ, शिकवण्यासाठी प्रयोगशाळेवाचून अडू नये. लिटमस तरी कशापासून मिळतो? दगडफुलापासून, आणि त्याचेच भाऊबंद आपल्या गोड्या मसाल्यात असतात.

हळदीबाबत मात्र एक चूक मुले हमखास करतात. लिंबाच्या रसात हळद पिवळी राहते, म्हणून ‘पिवळी म्हणजे आम्ल’ असे ती लिहितात. पण साध्या पाण्यातही ती पिवळीच असते. हळद केवळ आम्लारी ओळखते. आम्लासाठी दादरच्या फूलबाजारातून लाल जास्वंद आणावी, पाकळ्या गरम पाण्यात भिजवाव्यात आणि ते पाणी तीन वाट्यांत घ्यावे: एकीत लिंबू पिळताच ते गडद गुलाबी होते, दुसरीत धुण्याच्या सोड्याने हिरवट, तिसरी तुलनेसाठी तशीच ठेवावी. पुढे चुन्याच्या निवळीत चिमूटभर हळद घालून त्या लाल पाण्यात व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडावे. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एका थेंबासरशी सारे पाणी पिवळे होते. उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांनी एकमेकांचा गुण नाहीसा करणे, या शब्दाचा अर्थ मुलांना त्या थेंबाला कळतो. व्याख्या पाठ करून तो कळल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

निवळी शिक्षकांनीच हाताळावी, कारण चुना डोळ्यांना घातक आहे, आणि कोणताही पदार्थ चाखून ओळखू देऊ नये. शाळांनी हा प्रयोग वर्गातच करावा आणि परीक्षेत व्याख्येऐवजी मुलांनी स्वतः नोंदवलेली निरीक्षणे विचारावीत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, परळ, मुंबई