वार खाली आहे म्हणालास म्हणून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून गेलास, "बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतही वार खालीच आहे." वार म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, अजून पिशवीच्या तोंडाशीच. मला रात्रभर डोळा लागला नाही. डोहाळजेवणाला सूनबाईला सोलापूरला आणू नकोस. अडीचशे किलोमीटरची वाट. मध्येच अंगावरून गेलं तर कुठे धावशील? मीच येते, शेंगाचटणी न् कडक भाकरी घेऊन.

तुझ्या वेळी मला आठवा महिना होता. साखर पेठेत राहायचो आपण. पहाटे माग सुरू व्हायच्या आधी जाग आली तर साडी ओली. दिवा लावला, तर लालभडक रक्त. पोटात मात्र एक कळ नाही. आजी म्हणाली, उष्णता झाली असेल, पडून राहा. दुखत नव्हतं, म्हणून मीही ऐकलं. थोड्या वेळाने थांबलंही. दुपारी पुन्हा गेलं ते चादरीतून गादीपर्यंत. दोन बाटल्या रक्त चढवलं, सिझेरियन झालं, आणि तू पावणेदोन किलोचा. आजीला बोल लावत नाही मी. तिला ठाऊकच नव्हतं.

वार पिशवीच्या तोंडावर असली की तोंड जरा सैलावलं तरी ती सुटते आणि रक्त जातं, न दुखता. थांबलं तरी पुन्हा जातं. म्हणून डाग दिसला तरी दवाखाना गाठायचा. जास्त असेल तर १०८ ला फोन. तिथे पहिलं वाक्य "वार खाली आहे" हेच, म्हणजे सोनोग्राफी पाहिल्याशिवाय आतून तपासणार नाहीत. त्या तपासणीनेच रक्त धो धो वाहू शकतं. पोट दगडासारखं कडक होऊन दुखत राहिलं, तर रक्त थोडं दिसलं तरी थांबू नकोस. ते आत साठत असतं.

तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे ना? रक्त गेलं तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचार. बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून ते देतात, ते ७२ तासांच्या आत लागतं. रक्तपेढी जवळ असलेलंच हॉस्पिटल ठरव. आणि आईने लिहू नये, पण लिहिते: सध्या जवळीक नको.

वार अजून वर सरकू शकते, धीर सोडू नका. पण पोर संकोची आहे, डाग दिसला तरी तुला सांगायला कचरेल. रोज रात्री तूच विचार.

शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसने निघते. स्टेशनवर येऊ नकोस, तिच्यापाशी थांब.

तुझी आई