मातीवर चेंडू परत येणारच

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. टेनिसच्या क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर तुझे हमखास पॉइंटचे फटकेसुद्धा परत येतात, म्हणून तुला आता हार्ड कोर्टवरच, म्हणजे कडक पृष्ठभागावरच खेळायचंय. चिडचिड समजते गं. पण ठरवण्याआधी मातीवरच होणाऱ्या चार्ल्सटनच्या स्पर्धेबद्दल थोडं ऐक.

बायकांची ही स्पर्धा १९७३ साली अमेरिकेत हिल्टन हेड बेटावर सुरू झाली, २००१ पासून ती चार्ल्सटनला होते. पहिल्याच वर्षी बक्षिसांची रक्कम एक लाख डॉलर, त्यातले ३०,००० विजेतीला. बायकांच्या टेनिसमध्ये तोवर एवढा पैसा कुणी लावलाच नव्हता. जिंकली रोझी कॅसल्स. १९७० मध्ये बिली जीन किंगसकट ज्या नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून बायकांच्या स्वतंत्र स्पर्धांची वेगळी वाट धरली, त्यांतलीच ही एक. टेनिसवर पोट भरायचं तुझं स्वप्न आहे ना? त्यासाठी आधी या बायकांनी आपली कारकीर्द पणाला लावली आहे.

तिथली माती हिरवी. पॅरिसच्या फ्रेंच ओपनला वर विटांची लाल भुकटी असते, इथे दगडाचा चुरा. लाल मातीपेक्षा ही जरा वेगवान, तरी हार्ड कोर्टपेक्षा संथच. टप्पा पडताना चेंडू मातीला घासतो, पुढचा वेग गमावतो आणि उंच उसळतो. समोरचीला तेवढा जास्त वेळ मिळतो. म्हणजे तुझा फटका वाईट नसतो, पॉइंट अजून संपलेला नसतो.

अमेरिकेच्या क्रिस एव्हर्टला हे पक्कं कळलं होतं. चार्ल्सटनची ही स्पर्धा ती ८ वेळा जिंकली, आणि १९७३ ते १९७९ या काळात क्लेवर सलग १२५ सामने जिंकली. तिची सर्व्हिस काही तोफ नव्हती. ती खोल, नेमकं मारत राहायची आणि चुकायची नाही. मला तिचा खेळ आजही सगळ्यात सुंदर वाटतो.

२०२५ ची फायनल तर जरूर बघ. जेसिका पेगुलाने सोफिया केनिनविरुद्ध पहिला सेट ६-३ घेतला, दुसऱ्यात ती १-५ अशी मागे पडली. तिथून सलग सहा गेम घेऊन ७-५! आणि ऑन्स जाबेर इथल्याच २०२२ च्या फायनलमध्ये बेलिंडा बेन्चिचकडून हरली, पुढच्या वर्षी त्याच कोर्टवर, त्याच बेन्चिचला हरवून जिंकली.

आता तुझ्या खेळाचं. पाठवलेल्या व्हिडिओत लांबच्या फोरहँडला तू आधी मारतेस आणि मग घसरतेस. त्यामुळे तोल बाहेर जातो, परत मध्यावर यायला दोन पावलं जास्त लागतात आणि पुढचा चेंडू रिकाम्या बाजूला पडतो. तू ज्याला नशीब म्हणतेस ते हेच. घसरणं आधी सुरू होऊ दे, चेंडू रॅकेटवर येईल तेव्हा ते संपत आलेलं असावं. कोचना सांगून रोज पहिली पंधरा मिनिटं चेंडूशिवाय नुसतं घसरायचा सराव कर, दोन्ही बाजूंना. समोरची फार मागे उभी राहिली की ड्रॉप शॉट, म्हणजे जाळ्यापलीकडे हलकेच पडणारा फटका टाक, तुझा हात त्यात चांगला आहे, वापरत मात्र नाहीस.

बुटांचे सोल पार गुळगुळीत झालेत, व्हिडिओतही दिसतंय. क्लेसाठी नागमोडी नक्षीच्या सोलचे बूट लागतात. माप कळव, मी पाठवते. हा सीझन पूर्ण मातीवर खेळ, मग बोलू.

तुझी,
आई